दोन नावांच्या बंधूंस

हस्तपत्रक लिहायला अक्कल लागत नाही. राग लागतो आणि मथळा लागतो. राग माझ्याकडे भरपूर होता. मथळे मी छापखान्यात शिकलो. नगरच्या एका लहानशा छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायला होतो. लग्नपत्रिका, सभेच्या जाहिराती, निवडणुकीतली चिखलफेक, सगळं उलट्या अक्षरांत वाचता वाचता मला एक कळलं, की माणूस पहिली ओळ वाचतो आणि उरलेल्या कागदात शेंगदाणे बांधतो. तेव्हा पहिल्या ओळीतच थोबाडीत मारायची. हे माझं शिक्षण. बाकी मॅट्रिक.

या शिक्षणावर मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचा लेखक झालो. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. रविवारी देवळात (आम्ही आमच्या चर्चला देऊळच म्हणतो) मागची बाकं रिकामी असायची. खेड्यांत तर पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर जायचे आणि चार म्हाताऱ्यांना आशीर्वाद देऊन परत यायचे. वडीलधारे म्हणायचे, माणसं खडी फोडायला गेलीत, पोटासाठी पांगलीत, पाऊस पडला की येतील. मला हे बोलणं नेभळट वाटायचं. देव काय पावसाळ्यापुरता आहे? देवळात यायचं सोडलेल्या माणसाला आमच्यात 'थंड पडला' म्हणतात. मी म्हणायचो, थंड पडलेल्याला हलवून जागं करायचं असतं, पांघरूण घालायचं नसतं.

संघानं ठरवलं की प्रत्येकानं एक गाव घ्यायचं आणि थंड पडलेल्यांना उज्जीवन सभेसाठी, म्हणजे विश्वास पुन्हा जागवायच्या सभेसाठी, परत आणायचं. माझ्या वाट्याला मिरजगावच्या पुढची एक वस्ती आली. एस.टी.नं मिरजगाव, तिथून पायी.

मी पोचलो तेव्हा वस्तीत कुत्र्यांशिवाय कुणी नव्हतं. सगळी माणसं सडकेच्या कामावर. मी तिकडे गेलो. बायका डोक्यावर ओली फडकी टाकून ओळीनं बसलेल्या, पुढ्यात दगड, हातात हातोडी. मी पांढरा शर्ट घातलेला, बगलेत पवित्र शास्त्र, हातात गैरहजर लोकांची वही.

"आलं गं बया, देवाचं मुकादम आलं!" एक बाई ओरडली. "द्या हजेरी."

"आन पगार कवा व्हतो म्हनं तुमच्याकडं?" दुसरी.

"मेल्याव," तिसरी म्हणाली आणि सगळी ओळ हसली.

मी हसलो नाही. मी वहीत पाहून नावं विचारली. त्या पुन्हा हसल्या. आज आठवलं की कानशिलं तापतात. चाळीस घाम गाळणाऱ्या बाया, आणि मी त्यांना विचारतोय की गेल्या रविवारी कुठे होता.

ज्याच्यासाठी मी मुख्यतः गेलो होतो तो माणूस ओळीच्या टोकाला होता. वस्तीतले सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. पन्नाशीचा, काटक, एक डोळा धुळीनं लाल झालेला. हा त्या वस्तीचा भजनी. वीस वर्षं उपासनेची सुरुवात याच्या एकतारीनं व्हायची. पाळक उशिरा आले तरी भजन थांबायचं नाही. आणि गेल्या दीड वर्षात याचं पाऊल देवळात पडलं नव्हतं. वस्तीत कुणी वारलं की मात्र हाच पहिला कुदळ घेऊन हजर. कबर खणायचा, माती लोटायचा, आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आत निघून जायचा.

"मामा," मी म्हणालो, "मातीला येता, मग भजनाला का नाही येत?"

"मेलेलं मानूस इचारत न्हाई ना, तू कोन म्हनून."

मला ती चेष्टा वाटली. मी शास्त्रातली दोन वचनं ऐकवली. त्यांनी ती पुढे पूर्ण करून दाखवली, माझी चूक सुधारून. मग हातोडी ठेवली आणि म्हणाले, "सांजच्याला घरी या. कोरा च्या घ्या. सांगतो."

घरी मामींनी गुळाचा चहा केला. मामांनी सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्या आडव्या आल्या. "आवो, कशापायी सांगता? पोरगं शेरातलं हाय."

"देवाच्या कामाचं पोरगं हाय," मामा म्हणाले. "त्याला न्हाई सांगायचं तर कुनाला?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. विसरावं अशी इच्छाही नाही.

त्यांची मुलगी नगरला अध्यापिका विद्यालयात शिकत होती. वस्तीतून एवढी शिकलेली ती पहिलीच. गावातल्या शाळेतून निघताना हेडमास्तरांनी मामांना बोलावून सांगितलं होतं, दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलं तर मोठी सवलत जाईल, फी भरावी लागेल, मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात जागा मिळणार नाही. त्यापेक्षा आजोबांचं जुनं लिहू, हिंदू आणि पुढे जी होती ती जात. मुलीचं बाप्तिस्म्याचं नाव शास्त्रातलं होतं, ते कागदावर बरं दिसणार नाही म्हणून दुसरं एक साधं नाव घातलं. मामांनी अंगठा दिला.

"घरात येक नाव, कागदाव येक," ते म्हणाले. "त्या दिसापासनं म्या देवळात बसत न्हाई. तिकडं कागदाव येशू न्हाई म्हनायचं आन हिकडं त्याच तोंडात त्याची भाकर घ्यायची, हे मला जमत न्हाई, भाऊ. पाळकसायेब चांगले हायेत, ते या म्हनत्यात. पर मलाच जमत न्हाई."

"मग कधीपर्यंत?"

"पोरगी मास्तरीन झाली की त्या कागदाचं काम सपलं. मंडळीम्होरं हुबा ऱ्हाऊन कबूल करीन. मग एकतारी घीन. येकच वरीस ऱ्हायलंय. येवडं वरीस जाऊ द्या."

मी मान डोलावली. डोळे मिटून प्रार्थना केली. मामींनी माझ्या पिशवीत चार भाजलेली कणसं टाकली. दुष्काळात कणसं कुठून आणली असतील, हेही मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसलो आणि वहीच्या मागच्या पानावर पत्रक लिहायला घेतलं. घोगरगाव मागे पडायच्या आत मथळा सुचला होता.

दोन नावांच्या बंधूंस!

खाली असं: स्वर्गातल्या वहीत तुमचं कोणतं नाव लिहायचं, सवलतीचं की तारणाचं? कर्जत तालुक्यात एक भजनी आहे. वीस वर्षं एकतारीवर त्यानं येशूचं नाव गायलं आणि मुलीच्या फीसाठी एका अंगठ्यानं ते पुसलं. मुलगी नगरात मास्तरीण व्हायला शिकते, बाप गावात मातीला तेवढा येतो. पेत्र येशूचा शिष्य असून 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणाला, पण तो निदान रडला. तुम्ही तर शिष्यवृत्ती घेता!

असंच पुढे. शेवटी मोठ्या टायपात: परत या.

मी नाव घातलं नव्हतं, आणि हा मला माझा सभ्यपणा वाटत होता. पण त्या तालुक्यात एकतारीवाले ख्रिस्ती भजनी किती? आणि खेड्यातल्या भजन्याची नगरात मास्तरीण व्हायला शिकणारी मुलगी किती? खिळे मीच जुळवले, जेवणाच्या सुट्टीत. कुठल्याशा लग्नपत्रिकेचा गुलाबी कागद उरला होता, मालकानं तो फुकट दिला. पत्रकं आमच्या देवळाच्या फाटकात वाटली, एस.टी. स्टँडवर वाटली, मिरजगावच्या बाजारात वाटली. श्रीरामपूरला राहणारा संघातला एकजण गठ्ठा घेऊन गेला. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. "झणझणीत लिहितोस रे." मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

तीन आठवड्यांनी आमच्या मंडळीतल्या एक मावशी छापखान्यात नातवाच्या वाढदिवसाची पत्रिका घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "ती भजन्याची पोरगी गेली ना रे गावाला. सवलत गेली, वसतिगृह सोडायला लावलं. तुझ्या त्या गुलाबी कागदावरनं."

माझ्या हातात 'शुभाशीर्वाद' जुळत होता. तो तसाच राहिला.

शनिवारी मी वस्तीवर गेलो. सडकेचं काम आता मैलभर पुढे सरकलं होतं. बायकांच्या ओळीत एक मुलगी बसली होती, केस घट्ट बांधलेले, बोटांना चिंध्या. मी कोण हे कुणी सांगायच्या आत तिनं ओळखलं.

"तुमचं पत्रक वाचलं," ती म्हणाली. "शुद्धलेखन चांगलं आहे."

एवढंच. पुढचा दगड घेतला.

तिच्याशेजारच्या बाईनं मला बाकीचं सांगितलं, मुद्दाम मोठ्यानं. कुणीतरी ते पत्रक वसतिगृहाच्या बाईंच्या टेबलावर ठेवलं होतं. बाईंनी मुलीला बोलावलं. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी विचारलं, हे तुझ्या वडलांबद्दल आहे का? नाही म्हण, म्हणजे मी हा कागद फाडते. असं जवळजवळ त्यांनीच सुचवलं.

"आन ही शानी व्हय म्हनाली!" बाई म्हणाली. "न्हाई म्हनाया काय जातं हुतं गं तुजं?"

मुलगी मान वर न करता म्हणाली, "भजनी माझा बाप नाही, असं म्हणू?"

पेत्राचं उदाहरण देणारा मी तिथे उभा होतो. माझ्या पायात बूट होते आणि मला बसायला कुणी सांगितलं नाही. ते बरोबरच होतं.

मामा पाण्याच्या पिंपाजवळ भेटले. मी काय काय म्हणायचं ते एस.टी.त ठरवून आलो होतो.  त्याआधी त्यांनीच भांडं भरून पुढे केलं. "पानी प्या. ऊन लागलंय तुमाला."

"मामा, मी..."

"उद्या पाळकसायेब येनार हायेत. म्या येतो देवळात. आता कशाला भायेर बसू? येकच नाव ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी ते आले. मामीही आल्या. मुलगी आली नाही. मामा बैठकीच्या पुढच्या रांगेत बसले. उपासनेच्या मध्ये उठले आणि मंडळीसमोर उभे राहून त्यांनी कबूल केलं, की मी खोट्या कागदावर अंगठा दिला. त्याच्यापुढे एक शब्द बोलले नाहीत. कुणी सांगितलं म्हणून, कशासाठी म्हणून, कुणी उघडं पाडलं म्हणून, काही नाही. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्वी संपूर्ण वस्तीला जो आवाज माहीत होता त्या आवाजात मामांनी भजन उचललं, आणि मागच्या बायांनी सूर धरला.

मग प्रभुभोजन, येशूच्या नावानं भाकर घ्यायची वेळ. पाळकसाहेबांनी वाचलं की वेदीपाशी दान आणताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, जा, आधी समेट कर. हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. दर वेळी मी त्या वेळात खिशातला रुमाल शोधायचो किंवा पुढच्याच्या मानेकडे बघायचो. त्या दिवशी मामा उठून भाकर घ्यायला गेले, मामी गेल्या, चार म्हातारे गेले. मी गेलो नाही. माझ्याच मोहिमेत परत आलेला माणूस पुढे, आणि परत आणणारा मी भिंतीला टेकून.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बघ, हरवलेलं मेंढरू सापडलं." त्यांना पूर्ण गोष्ट माहीत होती. तरी ते हे म्हणाले. मला त्यांचा राग आला. पण हे मेंढरू कळपाच्या दारातच बसलं होतं, एक वर्ष थांबा म्हणत होतं, आणि त्याला काठीनं आत ढकलणारा मीच होतो. तेव्हा त्या रागाला मी कुठल्या तोंडानं वाट करून देऊ?

नगरला येऊन मी मंडळीच्या वडिलांकडे गेलो. म्हणालो, एका मुलीचं शेवटचं वर्ष राहिलंय. ती आता एकाच नावाची झालीय, आपल्या नावाची. आपण तिची फी भरू, राहायची सोय करू. ज्यांनी पाठीवर थाप मारली होती तेच म्हणाले, "अशी प्रथा पडेल. आज ही आली, उद्या दहा येतील."

"दहा यावेत म्हणूनच तर पत्रक काढलं होतं ना?"

"तू अजून लहान आहेस," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की मी कुणाच्या बाजूनं लिहीत होतो. आमच्या लोकांच्या आजोबांनी देव बदलला; गावानं पाणवठा बदलून दिला नाही. सरकार म्हणतं, देव बदलला ना, मग तुमचं मागासलेपण गेलं. मंडळी म्हणते, नाव आमचं लावा, पण खर्च आमच्यावर टाकू नका. दोन्हीकडून दार लावलेल्या माणसानं खिडकीतून पोरगी शिकायला पाठवली, तर मी खिडकीकडे बोट दाखवून ओरडलो. पत्रक खरं तर त्या दोन दारांवर काढायला हवं होतं. ते मला सुचलं नाही. सरकारशी आणि वडिलांशी भांडायला धीर लागतो. भजन्याशी भांडायला फुकटचा गुलाबी कागद पुरतो.

खोटा दाखला बरोबर होता असं मी आजही म्हणणार नाही. मामाही म्हणत नाहीत. पण ती चूक त्यांना माझ्याआधी माहीत होती, तिची शिक्षा त्यांनी स्वतःच ठरवून घेतली होती, आणि ती ते भोगत होते. मला सांगितलं ते कबुली म्हणून. मी ते मजकूर म्हणून घेतलं.

महिन्याभरानं मी पुन्हा वस्तीवर गेलो, या वेळी वही न घेता. मुकादम हजेरी लिहीत होता आणि ती मुलगी शेजारी उभी राहून प्रत्येक बाईला तिचे दिवस वाचून दाखवत होती. मुकादम वैतागला होता. "तू काय सरकार हायेस का गं?" तो म्हणाला. "न्हाई, वाचता येतं," ती म्हणाली आणि पुढचं नाव वाचलं. देवळात ती येत नव्हती. पण जिला आम्ही सेवा म्हणतो आणि जिच्यावर सभा भरवतो, ती मला त्या सडकेवर दिसली. ती बायकांना सही करायलाही शिकवत होती, खडीच्या ढिगाशेजारी बोटानं धुळीत अक्षरं काढून.

मी सगळं काम संपेपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "बाई, माझं चुकलं. मला माफ करा."

"इथं मागता माफी?" ती म्हणाली. "इथं तर सगळ्यांना माहीत आहे. पत्रक कुठं कुठं वाटलंत?"

मी सांगितलं. देऊळ, स्टँड, मिरजगावचा बाजार, श्रीरामपूर.

"मग तिथं जाऊन मागा. माझी नको. माझ्या बापाची मागा. त्यानं तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं, हे तिथल्या माणसांना सांगा."

"आणि लिहून काढलं तर? छापलं तर?"

तिनं जरा विचार केला. "लिहा. पण नाव घालू नका. माझ्या दोन्हींपैकी एकही."

म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

मी आमच्या देवळात उभा राहिलो, घोषणांच्या वेळी.   म्हणालो की एका माणसानं मला देवाच्या कामाचा समजून मन मोकळं केलं आणि मी त्याच्या घरचं बाजारात विकलं. कुणीतरी खोकलं. थाप मारणारे वडील खाली बघत होते. बाहेर पडताना एकजण म्हणाला, "झालं ते झालं, आता कशाला उकरायचं?" पण एक बाई मात्र फाटकापाशी थांबल्या. त्यांच्या घरी एक खोली रिकामी होती; त्या म्हणाल्या, मुलीला हवी असेल तर विचार. मी स्टँडवर गेलो. तिथे पत्रक देणं सोपं असतं, लोक हात पुढे करतात. बोलायला लागलो तर लोक पिशव्या आवळून धरतात. चहावाल्यानं तेवढं ऐकलं आणि विचारलं, "पैसे गोळा करताय का?" श्रीरामपूरलाही जाऊन आलो.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे देवळाबाहेर बसले आहेत त्यांना मी आज पुन्हा 'परत या' म्हणणार आहे, कारण मला अजून वाटतं की मामांच्या भजनाशिवाय ते देऊळ म्हणजे चार भिंती होत्या. पण तुम्ही बाहेर का बसला आहात हे मी आधी विचारीन. सांगितलंत तर ते माझ्यापाशी राहील. सांगितलं नाहीत तर त्याचं कारणही मला माहीत आहे.

गेल्या रविवारी वस्तीवर गेलो. त्या बाईंच्या खोलीचा निरोप दिला. मुलगी दारात शेळीला पाला टाकत होती. खोलीबद्दल हो की नाही काहीच बोलली नाही. उलट मलाच विचारलं.

"देऊळ झालं?"

"झालं."

"स्टँड?"

"झालं. श्रीरामपूरही."

"आणि बाजार?"

 मिरजगावच्या बाजारात आमचं कुणी नाही. तिथे सगळ्या गावांची, सगळ्या जातींची माणसं असतात. तिथेच लोकांनी पत्रक वाचून मामांची सर्वांत जास्त टिंगल केली होती, आणि तिथे जायचं मी दर आठवड्याला पुढे ढकलत होतो.

"राहिलाय," मी म्हणालो.

"मग बाजार करा," ती म्हणाली, "आणि मग या." आणि तिनं पाल्याची दुसरी फांदी उचलली.